डब्याच्या आत काय?

कॉम्प्युटरवर गेम खेळायला कोणाला आवडत नाही? आमच्या भाचेरावांना तर इतके आवडते, की २०२३ साली नववीची परीक्षा संपली आणि त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचाय. बत्तीस हजार आहेत. तू येशील ना बरोबर?"

हे बत्तीस हजार कुठून आले, ते आधी सांगतो. ताईची दोन वर्षांची भिशी, दाजींच्या ओव्हरटाइमचे थोडे, आणि भाचेरावांच्या स्वतःच्या डब्यातले अठराशे रुपये. दहावीच्या अभ्यासालाही तोच कॉम्प्युटर लागणार होता. म्हणजे पैसे एकदाच मिळणार. चुकलो, तर पुन्हा मागायची सोय नाही.

आणि मी तर एकदा चुकलेलो होतो! पण ती गोष्ट मी घरात कोणालाच सांगितली नव्हती.

रविवारी दुकाने बंद असतील म्हणून आम्ही शनिवारी निघालो. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. स्टेशनापासून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड. त्याचे खरे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण वाट विचारताना सगळे जुनेच नाव घेतात.

पहिल्याच दुकानात काचेचा डबा झगमगत होता. लाल, निळे, जांभळे दिवे! दुकानदार म्हणाले, "आय सेव्हन, सोळा जीबी, फुल गेमिंग. फक्त अठ्ठावीस हजार." भाचेरावांचे डोळे त्या दिव्यांसारखेच चमकले.

मी विचारले, "प्रोसेसर कितव्या पिढीचा?"

"आय सेव्हन म्हणजे आय सेव्हन, साहेब!"

"बघ रे जरा," मी भाच्याला म्हटले. त्याने पडद्यावर माहिती उघडली. आय सेव्हन ३७७०. या चार आकड्यांतला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. हा प्रोसेसर २०१२ साली आला. म्हणजे तेव्हाच अकरा वर्षांचा! विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. डबा नवा, दिवे नवे, आणि आत आजोबा बसलेले. आम्ही बाहेर आलो.

चहाच्या टपरीवर वही काढली. मी म्हटले, "आधी गेम म्हणजे काय काम, ते बघू. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार कर."

"२०,७३,६००!"

"आणि सेकंदाला साठ चित्रे दाखवायची, तर?"

त्याने गुणले आणि डोळे विस्फारले. सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपके! ते रंगवण्याचे काम मुख्यतः ग्राफिक्सचा भाग करतो. म्हणून गेमसाठी पैसे ठेवताना आधी त्याचा विचार करायचा. पण वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले, तर आमच्या बत्तीस हजारांत बाकीचे काही धड येईना. मग आम्ही रायझन ५ ५६००जी निवडला. २०२१ साली आलेला, सहा कोअरचा, आणि ग्राफिक्स पोटातच असलेला. मोठे नवे गेम त्यावर नीट चालणार नाहीत, हलके चालतील, हे मी भाच्याला स्पष्ट सांगितले. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने मान हलवली.

अशा ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते. ते रॅममधूनच उसने घेते. म्हणून सोळा जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घेतल्या. एका नळाऐवजी दोन नळांनी पाणी भरण्यासारखेच हे. पडदा माझ्याकडचा जुनाच वापरायचा ठरला.

शेवटी दोन हजार उरले, आणि तिथेच आमचे भांडण झाले. त्याला दिव्यांचे पंखे हवे होते. मला चांगला एसएमपीएस हवा होता. एसएमपीएस म्हणजे घरातली वीज घेऊन आतल्या प्रत्येक भागाला हवी तशी पुरवणारी पेटी.

"मामा, ती पेटी तर कोणाला दिसतसुद्धा नाही!"

तेव्हा मी ती जुनी गोष्ट सांगितली. २०११ साली, कॉलेजात असताना, मी सगळे पैसे प्रोसेसरवर घातले आणि एसएमपीएस सर्वांत स्वस्त घेतला. पावसाळ्यातल्या एका रात्री 'फट्' असा आवाज झाला, जळका वास आला. पेटी गेली आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेली. "तुझ्या आजोबांच्या बोनसचे पैसे होते रे ते. मित्राला दिलाय, असं खोटं सांगितलं मी त्यांना."

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, दिवे दिवाळीत लावू."

आम्ही ५५० वॉटचा एसएमपीएस घेतला. त्यावर ८० प्लसची खूण होती. म्हणजे घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के आतल्या भागांपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता होते. नुसती खूण पुरत नाही, म्हणून शॉर्टसर्किट आणि जादा भारापासून संरक्षण आहे ना, तेही विचारून घेतले.

घरी येऊन सगळे जोडले. बटण दाबले. पंखा फिरला, पण पडदा काळाच! ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी. दाजी काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त टोचले. माझे हात थंड पडले.

भाच्याने मात्र बटण बंद केले, प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा दाबून बसवल्या. 'टक्!' एक पट्टी मघाशी अर्धवटच बसली होती. पुन्हा बटण दाबले आणि पडदा उजळला.

त्या रात्री मी बाबांना फोन करून २०११ ची खरी गोष्ट सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. वास दोन दिवस घरात होता!"

अकरावीत गेल्यावर भाच्याने पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड बसवले. एसएमपीएस बदलावा लागला नाही. दिवे अजून आलेले नाहीत. आता मित्र खरेदीला त्यालाच बरोबर नेतात, आणि दुकानात शिरल्याबरोबर तो विचारतो, "काका, डब्याच्या आत काय आहे?"

तुम्हीही विचाराल ना?