एका मुलीसाठी थांबणारी गाडी

तुमच्याही फॅमिली ग्रुपवर ही गोष्ट कधीतरी आली असेल. जपानमधलं एक बर्फाळ गाव, तिथलं छोटंसं स्टेशन आणि तिथून रोज शाळेला जाणारी एकुलती एक मुलगी. प्रवासी नाहीत म्हणून रेल्वे स्टेशन बंद करणार होती, पण या मुलीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत ते चालू ठेवलं. गाडीच्या वेळासुद्धा तिच्या शाळेप्रमाणे लावल्या. मी कॉलेजात असताना मामाने ती आमच्या ग्रुपवर टाकली होती आणि मी डोळे पुसत पुसत निदान वीस जणांना पुढे पाठवली होती. आता लिहिणं हेच माझं काम झालंय. परवा ती गोष्ट पुन्हा समोर आली, तेव्हा म्हटलं, आधी नकाशा तरी उघडून बघू.

स्टेशन खरं आहे. म्हणजे, होतं.

होक्काइदो हे जपानच्या उत्तर टोकाचं मोठं बेट. तिथे असाहिकावाकडून पूर्वेला अबाशिरीपर्यंत जाणारा सेकिहोकू नावाचा रेल्वेमार्ग आहे. डोंगर ओलांडला की एनगारूच्या हद्दीत शिराताकी गाव लागतं. शिराताकी म्हणजे पांढरा धबधबा. या एका नावाची चार स्टेशनं होती. कामी-शिराताकी म्हणजे वरचं, शिमो-शिराताकी म्हणजे खालचं, एक नुसतंच शिराताकी आणि एक क्यू-शिराताकी, म्हणजे जुनं. आपल्याकडच्या बुद्रुक-खुर्दसारखंच काहीसं.

2016 च्या जानेवारीत ही गोष्ट जगभर पसरली ती कामी-शिराताकीच्या नावाने. मुलगी मात्र क्यू-शिराताकीहून चढायची. 1947 साली सुरू झालेला हा थांबा. एक आखूड फलाट, एक लाकडी खोली, बस्स. स्टेशनमास्तर नाही, तिकीटखिडकी नाही.

आता वेळापत्रक बघा, कारण माझं मन तिथेच अडकलं. या स्टेशनवरून एनगारूकडे, म्हणजे तिच्या हायस्कूलच्या दिशेने, दिवसभरात एकच गाडी थांबायची. सकाळी 7:15 ची. परतीच्या तीन होत्या, शेवटची संध्याकाळी सातनंतर. आपण वाचताना म्हटलं, बघा, गाडी मुलीच्या वेळेवर चालते! पण 7:15 चुकली तर दुसरी गाडीच नाही. बाहेर गुडघाभर बर्फ असो, अंगात कणकण असो, वेळ पाळायची ती मुलीने. फॉरवर्डमध्ये हे कुणी लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

आणि स्टेशन बंद होण्याची तारीख? 26 मार्च 2016. त्याच महिन्यात तिचं हायस्कूल संपलं, हे खरंच आहे. पण जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि रेल्वेची नवी वेळापत्रकंही बहुधा मार्चमध्येच लागू होतात. त्या दिवशी वरचं, जुनं आणि खालचं अशी तिन्ही शिराताकी स्टेशनं एकदमच बंद झाली. गंमत म्हणजे त्याच 26 मार्चला होक्काइदोमध्ये पहिली शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दाखल झाली. एकाच रेल्वे कंपनीची एकाच दिवसाची ही दोन कामं. एकीकडे नवं कोरं स्टेशन आणि दुसरीकडे माणसंच उरली नाहीत म्हणून पुसलेली तीन नावं.

मला विचाराल तर खरी गोष्ट ही आहे. एकाच मुलीसाठी गाडी थांबली याचं कौतुक आपण केलं. पण एका स्टेशनवर रोज चढणारी एकच मुलगी का उरली, हे विचारायचं राहून गेलं. तरुण मंडळी शहरांकडे गेली, गावं म्हातारी झाली. शिराताकी हे एके काळी वेगळं गाव होतं, 2005 मध्ये ते एनगारूत विलीन झालं.

तसं हे गाव काही सामान्य नाही. इथे ज्वालामुखीतून तयार झालेल्या काळ्या काचेसारख्या दगडाचे मोठे साठे आहेत. अश्मयुगातल्या माणसांनी त्याची हत्यारं घडवली आणि त्यांतल्या काहींना 2023 मध्ये राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. आयकिदोचे जनक मोरिहेई उएशिबा 1912 मध्ये इथेच वस्ती करायला आले होते. यातलं काहीही आमच्या ग्रुपवर कधी आलं नाही.

कधी तिकडे गेलात तर नुसतं शिराताकी अजून आहे, एक्सप्रेस गाड्याही थांबतात. पश्चिमेचं कामिकावा सोडलं की इथपर्यंत 37.3 किलोमीटर एकही स्टेशन लागत नाही. बुलेट ट्रेन सोडली तर जपानच्या या रेल्वेजाळ्यात दोन स्टेशनांमधलं इतकं लांब अंतर दुसरीकडे नाही. पुढे एनगारूला गाडीची दिशा उलटते. तेव्हा प्रवासी उठतात, आपापली सीट फिरवतात आणि पुन्हा बसतात.

हे सगळं मी मामाला सविस्तर लिहून पाठवलं. त्याने हात जोडलेली इमोजी पाठवली. चार दिवसांनी तीच जुनी गोष्ट, तोच कामी-शिराताकीचा फोटो, ग्रुपवर परत. या वेळी आत्याने टाकली होती.