शेंगदाण्यावर आळ

पिल्लू पाच महिन्यांचं झालं आणि गाल लालभडक, रात्रभर खाज. डॉक्टर म्हणाले, एक्झिमा. झालं, फोन सुरू! साताऱ्याहून आई : "तिला म्हणावं शेंगदाणे, अंडी, दूध सोड." सांगलीहून सासूबाई : "बेसन-हळदीनं चोळून आंघोळ घाला." बायको बिचारी वरणभातावर आली. वजन उतरलं, खाज तशीच.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एका बगसाठी अख्खा कोड पुसत नाही आपण. डॉक्टरांचंही तेच : आधी त्वचा सांभाळा. उटणं बंद, कोमट पाण्याची झटपट आंघोळ, ओलसर अंगावर मॉइश्चरायझर, चट्ट्यांवर त्यांनी दिलेलं मलम. तीन आठवड्यांत पिल्लू झोपायला लागलं. बायकोही पोटभर जेवू लागली.

गंमत पुढेच आहे. लंडनच्या 'लीप' अभ्यासात तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं होती. निष्कर्ष आले २०१५ साली. लहानपणापासून शेंगदाणा खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी ३.२ टक्के, टाळणाऱ्यांत १७.२! चिरा पडलेल्या त्वचेतून शिरलेला दाणा शरीराला शत्रू वाटतो, पोटातून गेलेला ओळखीचा, असं त्यामागचं गणित मांडतात.

सहा महिने भरल्यावर डॉक्टरांना विचारून पेजेत चिमूटभर बारीक कूट कालवलं. अख्खा दाणा नाही हं, घशात अडकतो. आई फोनवर श्वास रोखून होती. काही झालं नाही. सांगलीचं भडंग मात्र अजून फक्त आमच्यासाठी!