तळहातावरची मात्रा

घुमट वाजविणारा उजव्या हाताने चामड्यावर थाप मारतो आणि डाव्या तळव्याने मडक्याचे मोकळे तोंड झाकतो-उघडतो. तो नाद त्याच्या कानाइतकाच तळव्यालाही उमगत असावा. पेडण्या-डिचोलीकडे चतुर्थीच्या आरत्यांना बसलेल्यांस हे वेगळे सांगावयास नको. मला याचे स्मरण झाले ते मात्र एका वेबपानामुळे.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेसाठी व्याकरण-सरावाचे पान तयार केले. शनिवारी मुले घरचे फोन घेऊन सरावाला बसतात. उत्तर बरोबर आले की फोन किणकिणतो. आठवीतील एका मुलीस ऐकू फारच कमी येते. भोवती मुले का हसली, हे शोधीत ती इकडेतिकडे पाहत राही.

"सर, तिच्यासाठी फोन थरथरवता येईल," तो म्हणाला.

काम एका ओळीचे निघाले. ब्राउझरला मिलिसेकंदांचा आकडा द्यावयाचा. २०० दिले की सेकंदाचा पाचवा हिस्सा थरथर. २००, १००, २०० दिले की थरथर, विराम, पुन्हा थरथर. हे तर लघु-गुरूच! वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१५ साली ही पद्धत प्रमाण मानली. वाचकाने पानाला एकदा तरी बोट लावल्यावाचून क्रोम ती चालू देत नाही, हे बरेच आहे. एरवी जाहिरातींनी आपले हात बधिर करून सोडले असते. आयफोनच्या सफारीत ही सोय नाही, म्हणून पडद्यावरची हिरवी खूणही ठेविली.

वाद झाला तो चुकीच्या उत्तरावरून. त्याने तेथे लांबलचक थरथर योजिली होती; ती मी काढावयास लाविली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मज्जाव केला, आणि आता छडीने फोनात शिरून हातावर बसावे काय?

"पण सर, चूक कळायला नको?"

"अरे, ती दिसते ना पडद्यावर!"

रिझर्व्ह बँकेने २०२० च्या जानेवारीत काढलेले 'मनी' ॲप दृष्टिहीनांना नोटेचे मूल्य थरथरीनेही कळविते. तेथे थरथर ही माहिती असते, शिक्षा नव्हे.

गेल्या शनिवारी त्या मुलीने वहीचे पान पुढे केले. "सर, यावर भुजंगप्रयात वाजेल?" लघु, गुरू, गुरू, असे चार वेळा. लघूला १०० आणि गुरूला २०० ठरले आहे. यतीला किती, यावर आमचा तिघांचा खल अद्याप चालू आहे.