काड्यापेटीतले जीव : पोकेमॉनचा नवा खेळ आणि इचलकरंजीची नदी

#थ्रेड 🧵

१/ १६ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘पोकेमॉन लेजेंड्स : झेड-ए’ हा खेळ जगभर विक्रीस आला आणि पहिल्या आठवड्यातच त्याच्या सुमारे ५८ लाख प्रती खपल्या. काल्पनिक जीव शोधायचे, पकडायचे, वाढवायचे आणि त्यांची नोंदवही पूर्ण करायची, असा हा जवळजवळ तीस वर्षे चालत आलेला खेळ. त्याचा उगम एका मुलाच्या किडे पकडण्याच्या छंदात आणि त्या मुलाच्या गावातल्या बुजवलेल्या तळ्यांत आहे. म्हणूनच हा इतिहास इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या शहरातून वाचण्यासारखा आहे.

२/ या खेळाचा जनक सातोशी ताजिरी याचा जन्म १९६५ चा. टोकियो महानगराच्या पश्चिम कडेला माचिदा नावाचे गाव आहे. तेथे त्याचे बालपण गेले. त्या काळी तेथे भातखाचरे होती, ओढे होते, झाडी होती. जपानमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत जाळी आणि पिंजरा घेऊन किडे पकडणे हा मुलांचा सर्वमान्य उद्योग. ताजिरी त्यात इतका रमे, की सवंगड्यांनी त्याचे नावच ‘किड्यांचा डॉक्टर’ असे ठेवले.

३/ त्याची एक युक्ती त्यानेच पुढे मुलाखतीत सांगितली आहे. भुंगेरे पकडण्यासाठी इतर मुले झाडाला मध लावीत. ताजिरीने पाहिले, की हे जीव दिवसा दगडाखाली झोपतात. मग तो झाडाच्या बुंध्याशी दगड ठेवू लागला. सकाळी दगड उचलला, की खाली भुंगेरा! जीव कोठे राहतो, केव्हा निघतो, काय खातो हे कळल्याखेरीज तो हाती लागत नाही. पोकेमॉनच्या प्रत्येक आवृत्तीत गवत, पाणी, गुहा, दिवस आणि रात्र यांना जे महत्त्व आहे, त्याचे बीज या निरीक्षणात आहे.

४/ १९६० आणि ७० च्या दशकांत टोकियो पसरत गेले. माचिदातील खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, ओढ्यांवरून रस्ते गेले. जेथे मासे धरायचे, त्या तळ्याच्या जागी व्हिडिओ गेमचे दालन आले, असे ताजिरी सांगतो. तळे गेले तेव्हा तो मुलगा त्या दालनात जाऊन बसू लागला. पोकेमॉनच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना बहुधा हीच.

५/ १९८३ मध्ये त्याने ‘गेम फ्रीक’ नावाचे हस्तलिखित नियतकालिक काढले. चित्रकार केन सुगिमोरी त्याला येऊन मिळाला आणि १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी झाली. त्याच वर्षी निन्टेन्डोचे ‘गेम बॉय’ हे हातात मावणारे यंत्र बाजारात आले. दोन यंत्रे जोडण्यासाठी त्याला एक तार होती. इतरांना त्या तारेत स्पर्धा दिसली. ताजिरीला तारेवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात सरपटत जाणारा किडा दिसला.

६/ सहा वर्षांच्या कष्टांनंतर २७ फेब्रुवारी १९९६ रोजी पहिला खेळ आला, तोही लाल आणि हिरवा अशा दोन रूपांत. जीव एकूण १५१. पण काही केवळ लाल खेळात सापडत, काही केवळ हिरव्यात. एकट्याने नोंदवही पूर्ण होऊच नये, अशी ही मुद्दाम केलेली योजना. शेजारच्या मुलाशी बोलावे, तार जोडावी, आपले द्यावे आणि त्याचे घ्यावे. त्या १५१ जीवांचे आज एक हजाराहून अधिक झाले आहेत.

७/ आता दख्खनकडे वळू. जपानी मुलाच्या हातात पिंजरा होता. मराठी मुलाच्या हातात काड्यापेटी. हिरवा चकाकता सोनकिडा पकडून पेटीत ठेवायचा, त्याला बाभळीचा पाला घालायचा आणि तो अंडी कधी घालतो याची वाट पाहायची. काजवे बाटलीत भरायचे. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवायचे. हा खेळ क्रूरच, पण चतुर कोणत्या वेळी, कोणत्या काडीवर विसावतो हे त्या मुलांना नेमके ठाऊक असे. मग पेट्यांची अदलाबदल. नियम कोठे लिहिलेले नव्हते, तरी सर्वांना माहीत होते.

८/ त्यातला मानाचा जीव म्हणजे मृगाचा किडा. मृग नक्षत्राचा पहिला पाऊस पडला, की मखमलीसारखे लालभडक ठिपके रानात चालू लागत. शास्त्राच्या दृष्टीने तो कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्यांच्या नात्यातला, माइट गटातला जीव आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो आणि पावसानंतर थोडेच दिवस वर येतो. दुर्मीळ, ऋतूशी बांधलेला, शोधणाऱ्यालाच दिसणारा. पोकेमॉनच्या रचनाकारांना याहून वेगळा जीव कल्पावा लागला नसता.

९/ या रानांच्या मधोमध पंचगंगेच्या काठी इचलकरंजी वाढली. घोरपडे जहागिरीचे हे गाव. येथे १८९३ मध्ये नगरपालिका आली आणि नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळात, त्यांच्या उत्तेजनाने, विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसविला. त्या एका मागातून ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ उभे राहिले. पुढे सूतगिरण्या, सायझिंग, रंगाई आणि प्रक्रिया उद्योग आले. कर्नाटकापासून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापर्यंतचे कामगार आले.

१०/ २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८७ हजार होती. २०२२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. यंत्रमागांची संख्या लाखावर गेली. हजारो घरांच्या चुली या मागांनी पेटत्या ठेवल्या, हे विसरून या शहराविषयी काहीही लिहिणे अन्यायाचे होईल. माचिदाप्रमाणेच येथेही रानांच्या जागी वसाहती आल्या आणि मागांच्या खटखटाटात रातकिड्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला. या वाढीचा खरा हिशेब मात्र नदीने ठेवला.

११/ कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची मिळून पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. कोल्हापूरचे सांडपाणी, साखर कारखान्यांची मळी आणि इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेचे रंगीत पाणी, सारे तिच्यात येते. इचलकरंजीतून सांडपाणी नदीकडे नेणाऱ्या प्रवाहाचे नाव लोकांनीच ‘काळा ओढा’ असे ठेवले आहे. खाली तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच लागल्याच्या बातम्या जवळपास दरवर्षी येतात.

१२/ २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे शहरात काविळीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. नदीकाठचे हे शहर आज पिण्याच्या पाण्यासाठी दुसऱ्या नद्यांकडे पाहते : आधी कृष्णा, मग वारणा, मग सुळकूडची दूधगंगा. वारणाकाठचे आणि दूधगंगाकाठचे गावकरी विरोधात उभे राहिले. त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही आणि इचलकरंजीची तहानही खोटी नाही.

१३/ पोकेमॉनच्या पहिल्याच १५१ जीवांत ‘ग्राइमर’ नावाचा एक आहे. तो अंड्यातून आला नाही. खेळातील नोंदीप्रमाणे गाळावर चंद्राचे किरण पडले आणि त्या गाळालाच जीव आला. कारखान्यांच्या मैल्यावर तो जगतो. औद्योगिक प्रदूषणाच्या झळा सोसलेल्या देशाने मुलांच्या खेळात हा प्राणी सहज घातला. २०१६ च्या आवृत्तीत त्याचा एक भाऊबंद येतो. एका बेटावरचा कचरा खाऊन संपविण्यासाठी त्याला मुद्दाम बाहेरून आणलेले असते. काळ्या ओढ्याच्या काठी वाढलेल्या मुलाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

१४/ भारतात पोकेमॉन खेळ म्हणून आला नाही. तो दूरदर्शन संचावरून आला. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर ही मालिका सुरू झाली. पाठोपाठ चिप्सच्या पाकिटांतून निघणारे ‘टाझो’ आले. त्या गोल चकत्या जमविणे, एकमेकांत बदलणे, वर्गात हरणे आणि जिंकणे, यांत एक पिढी मोठी झाली. म्हणजे काड्यापेटीचे काम चकतीने घेतले. फरक इतकाच, की चकतीतल्या जीवाला पाला घालावा लागत नसे.

१५/ २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ आला. भ्रमणध्वनीच्या नकाशावर, खऱ्या रस्त्यांवर जीव दिसू लागले. भारतात तो त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओच्या साथीने अधिकृतपणे सुरू झाला. त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, गुजरात उच्च न्यायालयापुढे जनहित याचिका पोहोचली होती : खेळातील अंडी देवळांत दिसतात, त्याने भावना दुखावतात. न्यायालयाने नोटिसा काढल्या. आभासी अंड्यालाही सोवळे-ओवळे लागू झाल्याचा हा प्रसंग सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावा असाच.

१६/ भाषेची गोष्ट निराळी. २०२३ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हिंदीत आला आणि आठशेहून अधिक जीवांची नावे हिंदीत झाली. मुख्य मालिकेतील ‘झेड-ए’ मात्र एकाही भारतीय भाषेत नाही, आणि तो ज्या यंत्रावर चालतो ते येथे बहुधा आयातदारांमार्फतच मिळते. इचलकरंजीतील बहुतेक मुले तो खेळणार नाहीत. इतरांनी खेळलेला तो भ्रमणध्वनीवर पाहतील. तरीही पिकाचू कोण हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

१७/ मग या नव्या खेळात आहे तरी काय? आजवरच्या खेळांत नायक गावोगाव, रानोमाळ हिंडे. ‘झेड-ए’ संपूर्णपणे एकाच शहरात घडतो. पॅरिसवर बेतलेल्या या शहराचे नाव लुमिओस. क्वासार्टिको नावाची कंपनी तेथे पुनर्विकासाची योजना राबवीत आहे : माणसांनी आणि पोकेमॉननी एकत्र राहावे. त्यासाठी शहरातच ठिकठिकाणी ‘वन्य क्षेत्रे’ आखली जातात आणि कथा पुढे सरकते तशी ती वाढत जातात. रात्र झाली, की काही भागांत स्पर्धेच्या लढती रंगतात.

१८/ ताजिरीच्या माचिदाशेजारी हे ठेवून पाहिले, की एक वर्तुळ दिसते. शहराने तळे गिळले म्हणून खेळ जन्माला आला. तीस वर्षांनी त्याच खेळाने शहराच्या पोटात जीवांना जागा परत दिली. परंतु ती आखलेली, कुंपण घातलेली आणि कंपनीच्या योजनेतली. रान आपोआप उरेल ही आशा कल्पनेतही शिल्लक राहिलेली नाही. खेळाचे हे प्रामाणिकपण विलक्षण आहे आणि अस्वस्थ करणारेही.

१९/ २००२ मध्ये अँड्र्यू बामफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास मांडला. ब्रिटनमधील १०९ शाळकरी मुलांना चित्रे दाखविली : काही पोकेमॉनची, काही परिसरातील सामान्य प्राणी-वनस्पतींची. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन जवळजवळ ८० टक्के ओळखले. खरे जीव ५३ टक्के. मुलांची जीव ओळखण्याची, नावे साठवण्याची भूक अफाट आहे, हा त्याचा अर्थ. तिच्यापुढे काय वाढायचे, हे मोठ्यांनी ठरविलेले असते.

२०/ मराठीत ती पंगत मांडणारा एक माणूस होऊन गेला. मारुती चितमपल्ली, जन्म १९३२, सोलापूर; म्हणजे मागांच्याच दुसऱ्या शहरातला. वनखात्याच्या नोकरीत रानात राहणाऱ्यांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, माशांची नावे ऐकली, जमविली आणि त्यांचे कोश केले. कावळ्यांच्या वसतीला ‘काकागार’ म्हणावे, हे मराठीला त्यांनी सांगितले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी, मृगाच्या दिवसांत, ते गेले. मराठीची नोंदवही त्यांनी अशी हाताने भरली.

२१/ कोशातल्या नावाला मात्र एक अट असते : ज्याचे ते नाव, तो जीव कोठेतरी असावा लागतो. वांब आणि मरळ ही नावे पंचगंगेच्या काठी म्हाताऱ्यांना ठाऊक आहेत. पाणी असेच काळे राहिले तर नातवंडांना ती ग्राइमरइतकीच काल्पनिक वाटतील. फरक एवढाच, की ग्राइमरचे चित्र त्यांनी पाहिलेले असेल.

२२/ म्हणून ‘मुले मैदानावर जात नाहीत, पडद्यात डोके घालतात’ हा नेहमीचा शेरा या इतिहासापुढे उथळ ठरतो. माचिदातला मुलगा तळे सोडून गेला नव्हता. आधी तळे गेले. हाच क्रम इचलकरंजीतही आहे. मुलाच्या हातातला भ्रमणध्वनी काढून घेणे सोपे आहे. त्याच्या हाती परत द्यायला काड्यापेटी आहे, पण तीत ठेवायला मृगाचा किडा मिळेल असे रान शहराच्या कोणत्या अंगाला राखले आहे, याचे उत्तर विकास आराखड्यात शोधावे लागेल.

२३/ ताजिरीच्या पहिल्या खेळातला नियम येथे पुन्हा आठवतो : नोंदवही एकट्याने पूर्ण होत नाही. एका काठाकडे जे नाही, ते दुसऱ्या काठाकडे असते, आणि मध्ये तार जोडावी लागते. वरच्या अंगाचे कोल्हापूर, मधली इचलकरंजी, खालचे तेरवाड आणि नृसिंहवाडी यांच्यामध्ये ती तार मुळातच आहे. तिचे नाव पंचगंगा. तिच्यावरून सध्या एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे काय जाते, ते तेरवाडच्या बंधाऱ्यावर उभे राहिल्यास दिसते.

(थ्रेड समाप्त. मृगाचा किडा, सोनकिडा, चतुर यांना आपापल्या गावात कोणत्या नावाने ओळखतात, ते वाचकांनी खाली जरूर लिहावे.)