कॉर्कच्या बाजारात भेटलेली वजडी

आमची मुलगी डब्लिनला परिचारिका आहे. "आई, आता तुझी शाळा सुटली, पेन्शन सुरू झाली, आता तरी या," असा तिचा लकडा दोन वर्षे चालला होता. अखेर २०२४ च्या जूनमध्ये मी आणि आमचे हे, दोघेही तीन आठवड्यांसाठी आयर्लंडला जाऊन आलो. सामानात शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी होतीच. तिकडे खायला काय मिळेल ही ह्यांची काळजी, आणि काय काय खावे लागेल ही माझी!

जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे पहिले दोन दिवस झोपेचे गणित काही जुळेना. डब्लिन शहराच्या मधून लिफी नदी वाहते. तिच्यावर १८१६ सालचा एक नाजूक लोखंडी पूल आहे. पूर्वी पूल ओलांडायला अर्धी पेनी पडायची, म्हणून त्याचे नाव हापेनी ब्रिज पडले. आता फुकट जाता येते. ट्रिनिटी कॉलेजात 'बुक ऑफ केल्स' हा सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ पाहिला. ख्रिस्ती मठवासींनी तो वासराच्या कातड्यावर लिहिला आणि रंगवला. रंग अजून ताजे वाटतात. सगळे लोक अक्षरे बघत होते. मला मात्र प्रश्न पडला, ती कातडी कमावणारे हात कोणाचे असतील?

नदीकाठाने पुढे गेलो आणि पाय आपोआप थांबले. कस्टम हाऊस धक्क्यावर ब्राँझची काही माणसे उभी आहेत. हाडांचे सापळे, अंगावर चिंध्या, छातीशी धरलेली गाठोडी. एकाच्या खांद्यावर मूल आहे. मागून एक कुत्रा चालला आहे. शिल्पकार रोवन गिलेस्पी यांनी घडवलेले हे दुष्काळाचे स्मारक १९९७ पासून तिथे आहे. हे मराठवाड्यातले. १९७२ चा दुष्काळ त्यांनी खडी फोडून काढलेला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

वाचकहो, हा दुष्काळ नुसता निसर्गाचा नव्हता. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला, आणि पुढची काही वर्षे तो पडतच राहिला. जमीन जमीनदारांची, कुळांच्या वाट्याला इवलासा तुकडा. तेवढ्या तुकड्यात घर जगवील असे पीक एकच, बटाटा. तोही बहुतेक ठिकाणी 'लंपर' या एकाच वाणाचा. पीक कुजले आणि गरिबाचे ताट रिकामे झाले. त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य, लोणी आणि गुरे इंग्लंडला जातच होती. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली, दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये त्या बेटाची लोकसंख्या ८० लाखांहून अधिक होती. आजही ती त्या आकड्यापर्यंत पोहोचलेली नाही.

त्या दुपारी एका साध्या खाणावळीत आम्ही आयरिश स्ट्यू मागवला. मटण, बटाटे, कांदा आणि पाणी, एवढाच मामला. गाजर घालावे की नाही यावर तिथेही वाद आहेत म्हणे. ह्यांनी पहिला घास घेतला, इकडेतिकडे पाहिले आणि खिशातून चटणीची पुडी काढली. मी डोळे वटारले. पण खरे सांगते, मंद आचेवर शिजलेल्या त्या रश्श्याला मटणाची स्वतःची चव होती. आपण मसाल्याखाली ती झाकून टाकतो. सोबत चहा होता, कडक आणि दूध घातलेला. चहाच्या बाबतीत हे लोक अगदी आपल्यासारखेच.

स्ट्यूबरोबर सोडा ब्रेड आला. मैत्रिणींनो, हा पाव घरी जरूर करून पाहा. यीस्ट लागत नाही, पीठ फुगायची वाट पाहावी लागत नाही. साडेचारशे ग्रॅम मैदा, किंवा निम्मा मैदा आणि निम्मी कणीक. त्यात एक चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा मीठ आणि साधारण दोन वाट्या दाट आंबट ताक. फार मळायचे नाही, नुसते गोळा करायचे. वर सुरीने खोल फुली मारायची आणि ओव्हनमध्ये पाऊण तास भाजायचे. पावाच्या तळाला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला. पूर्वी तिथल्या बायका तो चुलीवर बिडाच्या भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून भाजत. ताकातले आंबट आणि सोडा एकत्र आले की पीठ फुलते, एवढेच त्यातले शास्त्र.

दुसऱ्या आठवड्यात मुलीला सुट्टी मिळाली आणि आम्ही आगगाडीने कॉर्कला गेलो. डब्लिनहून अडीच तासांचा प्रवास. तिथे 'इंग्लिश मार्केट' नावाचा छताखालचा बाजार आहे, १७८८ सालापासूनचा. मासे, लोणी, चीज, पाव बघत चाललो होतो. एका काचेच्या कपाटापाशी मी थबकले. आत पांढरीशुभ्र, जाळीदार वजडी नीट घडी करून ठेवलेली. शेजारी डुकराचे पाय, ज्यांना ते 'क्रुबीन' म्हणतात. आणि त्याच्याही शेजारी 'ड्रिशीन', म्हणजे रक्त भरून उकडलेली जाडजूड आतडी.

दुकानदार हसतमुख होता. कपाळावर आठी नाही, आवाज खाली नाही. त्याने सांगितले, हे कॉर्कचे खास अन्न. मुलीने बाकीची माहिती सांगितली. अठराव्या शतकात या बंदरातून खारवलेले गोमांस आणि लोणी जहाजे भरभरून बाहेर जायचे. चांगले मांस बोटीत चढायचे, आणि कापणाऱ्या, खारवणाऱ्या कामकऱ्यांच्या घरी जायची वजडी, पाय, रक्त. त्यातूनच या शहराची चव तयार झाली. आज तेच पदार्थ शहराची शान म्हणून मांडलेले आहेत.

बाजाराच्या माडीवर एक उपाहारगृह आहे. तिथे मी दूध-कांद्यात शिजवलेली वजडी आणि ड्रिशीन मागवले. मुलगी बघतच राहिली. "आई, तू हे खातेस?"

काय सांगणार तिला? माझी आई वजडी गरम पाण्यात घासून घासून पांढरी करायची. कांदा, लसूण आणि येसूर घालून चुलीवर शिजवायची. सोबत ज्वारीची भाकरी. रक्ती केली तर आम्ही भावंडे चुलीभोवतीच बसायचो. पुढे मी शिक्षिका झाले, शहरात राहायला आले. शिक्षकांच्या खोलीत कोणी विचारले, "काल काय केले होते?" तर मी "वरणभात" सांगायची. हळूहळू घरातही करणे सोडले. मुलीला तो पदार्थ माहीतच नाही, कारण मी तो तिच्यापासून लपवला. हे सारे मी त्या टेबलावर पहिल्यांदाच बोलले. ह्यांनी मुकाट्याने चटणीची पुडी माझ्यापुढे सरकवली. दुधातल्या वजडीवर शेंगदाण्याची चटणी, हा प्रकार कॉर्कमध्ये त्या दिवशी पहिल्यांदाच झाला असावा!

परतण्याआधी कॉर्कजवळच्या मिडलटनला गेलो. तिथल्या एका बागेत पोलादाची नऊ उंच पिसे वर्तुळात उभी आहेत, जणू रिकामा कटोराच. अमेरिकेतल्या चोक्टॉ या आदिवासी लोकांना सरकारने स्वतःच्या भूमीतून हाकलले होते. त्या वाटेवर त्यांची हजारो माणसे मेली. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी, १८४७ मध्ये, याच लोकांनी आपसांत वर्गणी काढून आयर्लंडच्या भुकेल्यांसाठी १७० डॉलर पाठवले. ना कधी भेट, ना ओळख. भुकेची ओळख तेवढी होती. आयरिश लोक ते विसरले नाहीत. २०२० च्या साथीत त्यांनी अमेरिकेतल्या नवाहो आणि होपी लोकांना भरभरून मदत पाठवली.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी वजडी आणली. पूर्वी कधी केलीच तर स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. या वेळी उघडी ठेवली. शेजारच्या बाईंनी जिन्यातून विचारले, "आज कसला वास येतोय हो?"

मी म्हटले, "वजडी शिजतेय. बसता का जेवायला?"

त्या बसल्या नाहीत, पण मी खिडकीही लावली नाही. रात्री मुलीचा फोन आला. वही-पेन घेऊन बसली होती. "आई, आजीची पद्धत सांग," म्हणाली, "पहिल्यापासून सांग." मी पाणी गरम करण्यापासून सुरुवात केली.