मनी आणि माती

मांजराला शौचकूप वापरण्यास शिकवावे काय? चार्ल्स मिंगस (१९२२–१९७९) या अमेरिकन संगीतकाराने आपल्या मांजराला ते शिकवले, इतकेच नव्हे तर त्याची रीत सांगणारी पुस्तिकाही काढली! बीडमधील आमच्या मनीलाही तसेच शिकवावे, असे माझ्या नातवाचे म्हणणे आहे. वाळूची पाटी रोज साफ करण्याचे काम टळावे, हा त्यातील खरा हेतू.

पण मुलांनो, मनीला एकदा नीट न्याहाळा. ती जागा हुंगते, वाळू उकरते, विधी उरकल्यावर ती वर लोटते आणि पुन्हा हुंगते. वाळवंटी रानमांजरांपासून चालत आलेली ही रीत तिला कोणी शिकवलेली नाही. गुळगुळीत काठावर तोल सावरीत ती काय उकरणार? शिवाय मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी पाण्यात जाऊ शकतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरे त्याने दगावली आहेत.

तेव्हा पाटी परसात आहे तिथेच राहील. ती साफ केल्यावर हात साबणाने धुवावे लागतात. आज पाळी नातवाची आहे.