पोचपावती

मी नर्स म्हणून दापोलीकडच्या उपकेंद्रावर रुजू झाले तेव्हा टार्गेटचा जमाना होता. वर्षाला इतकी ऑपरेशनं, इतक्या तांब्या, अशा 'केसेस' ठरवून दिलेल्या. मासिक मीटिंगला सगळ्यांसमोर आकडे वाचले जायचे. गावात आम्ही 'आपरेशनवाल्या बाया', आणि ते काही कौतुकाने म्हटलेलं नसायचं. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या होत्या. त्या धाकाची आठवण वाड्यावाड्यांत शिल्लक होती. पांढरी साडी दिसली की म्हातारे गडी मागच्या दाराने सटकायचे.

मला आज चारचौघांत बोलणं ऐकून घेता येतं, ते आक्कांमुळे. आक्का आमच्या एलएचव्ही, म्हणजे आम्हा नर्सांवरच्या पर्यवेक्षिका.

एका बुधवारी आम्ही दोघी लसीकरणाला वाडीत गेलो, तर एका म्हातारीने अंगणातच अडवलं. तिच्या सुनेला शिबिरात तांबी बसवली होती, मी रुजू होण्याच्याही आधी. मुलगा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. "नवरा मुंबयला नि हिला तांबी कुनासाठी गो बसवलीत?" शेजारपाजार गोळा झाला. माझं उत्तर जिभेवर होतं: शिबिर माझं नाही, सून स्वतःहून गेली, तिच्या नवऱ्याला ठाऊक आहे. आक्कांनी माझ्या हातातली लसीची पेटी काढून पडवीत ठेवली, स्वतः तिथेच टेकल्या आणि प्यायला पाणी मागितलं. म्हातारी बोलतच होती. सरकार झालं, आमच्या सात पिढ्या झाल्या, आक्कांच्या चपलासुद्धा सुटल्या नाहीत. त्या ओघात एक वाक्य येऊन गेलं, "भित धरून चालतेय पोर, नि ह्या आल्या टोचायला."

"वयनी, किती दिवस अंगावर जातंय तिच्या?" आक्कांनी विचारलं.

दीड महिना. सून आत माजघरात पडून होती. आक्कांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून मला दाखवली, आत लाली म्हणून नव्हती. तांबीनंतर पहिले काही महिने पाळी जास्त जाते, हे आम्ही शिकलेलो होतो, पण ही गोष्ट त्यापलीकडची होती. दुपारच्या एसटीने तिला घेऊन पीएचसी गाठली. तांबी काढली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चारित्र्याच्या त्या आरोपाबद्दल मात्र आक्का अवाक्षर बोलल्या नाहीत. ते मला तेव्हा खटकलं आणि खरं सांगायचं तर अजून खटकतं. त्या मुलीच्या बाजूने अंगणात एक वाक्य पडायला हवं होतं.

परतताना आक्का म्हणाल्या, "तिला एकच गोष्ट सांगायची होती. बाकीचं ती सांगायला धीर यावा म्हणून बोलली." मग हसून पुढे, "आपल्या वाट्याच्या निम्म्या शिव्यांवर दिल्लीचा पत्ता असतो. त्या उघडायच्या नाहीत, पण पोचपावती द्यायची."

दापोलीजवळच्या मुरूडचं नाव निघालं की आक्का कर्व्यांवर यायच्या. धोंडो केशवांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या मुलाने, रघुनाथरावांनी, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली, तरी १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. खटले झाले. १९३४ च्या खटल्यात तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरंच अश्लील ठरली. वकील डॉ. आंबेडकर असूनही दंड झाला. तसलेच प्रश्न बायका आम्हाला विहिरीवर, इकडेतिकडे बघून, दबक्या आवाजात विचारायच्या. रघुनाथराव टीकाकारांना सडेतोड उत्तरं देत. मला ते फार आवडायचं. आक्का म्हणायच्या, "त्यांनी दिलं ते बरोबरच. पण त्यांना दर बुधवारी टीकाकाराच्या घरी जाऊन त्याच्या नातवंडाला टोचायचं नव्हतं."

आक्का निवृत्त झाल्यावर माझ्याविरुद्ध ग्रामसभेत अर्ज पडला. सात मुद्दे, खाली सह्या आणि अंगठे. मी तणतणत आक्कांना फोन लावला आणि अर्ज वाचून दाखवला, प्रत्येक मुद्द्याला माझा शेरा जोडून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चौथा परत वाच."

चौथ्यात होतं, लावणीच्या दिवसांत लसीकरण सकाळी दहाला असतं, तेव्हा बाया शेतात असतात, पोरांना आणणार कोण? बाकीच्या सहा मुद्द्यांची आक्कांनी चौकशीसुद्धा केली नाही. बाया भाकरीला घरी येतात ती वेळ धरली तर पेटीतले आइसपॅक तोवर टिकतील का, पीएचसीतून पेटी उशिरा उचलता येईल का, आणि संध्याकाळच्या एसटीने उरलेली लस परत पोचेल का, यावरच आम्ही अर्धा तास बोलत होतो.